नोटीस आली? आधी पाकीट जपून ठेवा

गोव्यातल्या डिचोली तालुक्यात एका काजू कारखान्यात चतुर्थीच्या आठवड्यात रजिस्टर पोस्टाने एक पाकीट आलं. रखवालदाराने सही करून घेतलं आणि ऑफिसच्या टेबलावर ठेवून दिलं. मालक माटोळीच्या बाजारात, कामगार आपापल्या गावी. पाकीट उघडलं ते अनंत चतुर्दशीनंतर. आत कारणे दाखवा नोटीस होती, उत्तराला पंधरा दिवस. मला फोन आला तेव्हा त्यातले बारा दिवस संपले होते. पाकीट केराच्या टोपलीत गेलं होतं, त्यामुळे ते नेमकं कधी हातात पडलं हे दाखवायलाही काही उरलं नव्हतं.

हॉटेल, कारखाना, हाउसिंग सोसायटी, शाळा यांना पर्यावरण खात्यांशी झालेल्या तंट्यांतून बाहेर काढण्याचं काम तुम्ही नव्याने हाती घेत असाल, मग तुम्ही इंजिनिअर असा, वकील असा की सोसायटीचे नवे सचिव, तर हे पाकीट लक्षात ठेवा. वाद धुराचा, सांडपाण्याचा किंवा भरतीरेषेचा असतो. तो जिंकला-हरला जातो मात्र तारखांवर.

पाकीट, मग कलम

नोटीस मिळाली त्या दिवशी तीन गोष्टी करा. पाकिटावरच्या पोस्टाच्या शिक्क्याचा फोटो काढा, नोटिशीच्या पहिल्या पानावर मिळाल्याची तारीख लिहून सही करा आणि कॅलेंडरवर शेवटच्या दिवसाभोवती वर्तुळ काढा. मालकाला आणि मॅनेजरला तो दिवस तोंडपाठ हवा.

मग नोटीस वाचा, पण मालक वाचतो तशी नाही. मालकाची नजर थेट शेवटच्या ओळीवर जाते, ‘बंद का करू नये’ या शब्दांवर, आणि तिथेच त्याला घाम फुटतो. तुम्ही वरून वाचा. नोटीस कोणी काढली? साळगावच्या गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने, किनारपट्टीची बांधकामं बघणाऱ्या गोवा किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाने (जीसीझेडएमए), की आवाजाच्या तक्रारीवरून उपजिल्हाधिकाऱ्यांनी? कोणत्या कायद्याखाली? 1974 चा पाणी कायदा, 1981 चा हवा कायदा, की 1986 चा पर्यावरण संरक्षण कायदा? आणि कोणतं कलम? पुढे कुठल्या दारावर जायचं ते या कलमावरूनच ठरतं. त्याकडे आपण शेवटी येऊ.

पर्यावरण कायद्याच्या कलम 5 खाली निर्देश काढायचा असेल तर 1986 च्या नियमांतला नियम 4 हरकतीसाठी पंधरा दिवस देतो. हरकत आल्यावर पंचेचाळीस दिवसांत निर्देश कायम करायचा, बदलायचा की सोडून द्यायचा, हे प्राधिकरणाने ठरवायचं असतं. फार मोठं नुकसान होण्याची भीती असेल तर कारणं नोंदवून ही संधी न देताही निर्देश काढता येतो. पाणी कायद्याचे नियमही याच धाटणीचे आहेत. नोटिशीत यापेक्षा कमी दिवस दिले असतील तर ‘नियमात पंधरा आहेत’ म्हणून गप्प बसू नका. दिलेल्या मुदतीत छोटं अंतरिम उत्तर द्या आणि त्यातच नियमाकडे बोट दाखवा.

तपासणी अहवाल मागा, पण त्याची वाट बघत बसू नका

बहुतेक नोटिशी कुणाच्या तरी पाहणीवर उभ्या असतात. ‘दि. अमुक रोजी पाहणी केली असता’ हे वाक्य सापडलं की त्या पाहणीच्या अहवालाची, नमुन्याच्या चाचणीची आणि तक्रार असेल तर तक्रारीची प्रत त्याच दिवशी साध्या पत्राने मागा. माहितीच्या अधिकाराचा अर्जही टाका, पण त्याला तीस दिवस लागतात आणि तुमच्या हातात पंधरा आहेत. नवी माणसं नेमकी इथे फसतात. प्रत मागितली म्हणजे घड्याळ थांबलं, असं त्यांना वाटतं. ते थांबत नाही.

सांडपाण्याचा नमुना घेतला असेल तर तो कसा घेतला हे तिथे हजर असलेल्या कामगाराला विचारा. पाणी कायद्याच्या कलम 21 प्रमाणे नमुना घेतानाच तो तपासायचा आहे अशी सूचना द्यावी लागते. तुमचा माणूस हजर असेल तर त्याच्या समोर नमुन्याचे दोन भाग करून सीलबंद करायचे आणि दोघांच्या सह्या घ्यायच्या. ही पद्धत पाळली नसेल तर तो निकाल न्यायालयीन कारवाईत पुरावा म्हणून टिकत नाही. मात्र हा मुद्दा मिठासारखा वापरावा. तुमच्या गटारात खरंच काळं पाणी वाहत असेल आणि तुम्ही फक्त सीलबद्दल चार पानं लिहिलीत, तर वाचणाऱ्या अधिकाऱ्याला काय समजायचं ते समजतं.

जागेवर जा, जेवणाच्या वेळी

कागद वाचून झाले की प्रत्यक्ष जागा बघायची. मालकाने ठरवलेल्या वेळी जाऊ नका. हॉटेल असेल तर दुपारी दोनला जा, स्वयंपाकघराचं पाणी तेव्हा सर्वांत जास्त येतं. काजू कारखाना असेल तर भट्टी पेटते त्या पहाटे जा. सोसायटी असेल तर रविवारी सकाळी.

पर्वरीच्या बाजूच्या एका सोसायटीत मी असाच एकदा आगाऊ न कळवता गेलो. एसटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेच्या, खोलीला कुलूप होतं आणि कुलपावर गंज. चावी कोणाकडे, तर ती बिल्डरच्या जुन्या सुपरवायझरकडे, आणि तो नोकरी सोडून गेलेला. सचिव काका मला घाईघाईने म्हणाले, “अहो, मशीन चालू आहे, आवाज येतोय ना!” आवाज येत होता तो पाण्याच्या टाकीच्या पंपाचा. नोटिशीत ‘यंत्रणा बंद आढळली’ असं लिहिलं होतं, आणि ते शंभर टक्के खरं होतं.

म्हणून एक वही काढा आणि प्रत्येक आरोपासमोर खरं, अर्धं खरं किंवा खोटं असं लिहा. मालकाला विचारून नाही, स्वतः बघून. मी हे काम शिकलो तेव्हा मला वाटायचं की आपलं काम प्रत्येक आरोप खोडून काढायचं आहे. आता वाटतं, निम्मी लढाई खरं असेल ते आठ दिवसांत दुरुस्त करण्याची असते. दुरुस्त केलेल्या गोष्टीवर कोणी तुमच्याशी फार काळ भांडत नाही. पैसेही तिथेच वाचतात. कसे, ते दंडाच्या हिशोबात दिसेल.

दंडाचं गणित

पर्यावरणीय भरपाईचा आकडा ऐकला की मालक म्हणतो, “हा कुठून काढला?” तो हवेतून काढलेला नसतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं सूत्र आहे, त्यात पाच आकड्यांचा गुणाकार असतो. उद्योगाच्या वर्गाचा प्रदूषण निर्देशांक (जास्त प्रदूषणाच्या लाल वर्गाला सरासरी 80, नारंगीला 50, कमी प्रदूषणाच्या हिरव्याला 30), उल्लंघनाचे दिवस, एक रुपयांचा घटक (100 ते 500 मधला, साधारण 250 धरतात), उद्योगाचा आकार (लहानाला 0.5, मध्यमाला 1, मोठ्याला 1.5) आणि ठिकाणाचा घटक. दहा लाखांहून कमी वस्तीच्या गावाला हा शेवटचा घटक 1 असतो, त्यामुळे गोव्यात तो सोडून द्या.

आता नारंगी वर्गातला एक लहान उद्योग घ्या. 50 गुणिले 250 गुणिले 0.5, म्हणजे दिवसाला 6,250 रुपये. नव्वद दिवस धरले तर 5,62,500. हिरव्या वर्गात हाच हिशोब 3,750 वर येतो, पण दिवसाला किमान 5,000 घ्यायचेच असं सूत्र सांगतं.

यातले चार आकडे तुमच्या हातात फारसे नाहीत. वर्ग चुकीचा लावला असेल तर जरूर दाखवून द्या. खरा वाद दिवसांचा. मोजणी उल्लंघन दिसल्यापासून सुरू होते आणि ते थांबल्याचं मंडळाला पटेपर्यंत चालते. दुरुस्ती तुम्ही पस्तिसाव्या दिवशी केली, पण कळवलं नाही, आणि दुसरी पाहणी नव्वदाव्या दिवशी झाली, तर नव्वद दिवस लागू शकतात. चौतीस दिवसांचे 2,12,500 आणि नव्वदचे 5,62,500. मधले साडेतीन लाख रुपये एका न लिहिलेल्या पत्राचे. म्हणून ज्या दिवशी पंप सुरू झाला, चिमणीचं काम संपलं, त्याच दिवशी फोटो, बिल आणि ‘कृपया फेरपाहणी करावी’ असं पत्र साळगावला जाऊन द्यायचं आणि प्रतीवर पोच घ्यायची. ईमेलही करायचा. पण शिक्का आणि आवक क्रमांक असलेल्या प्रतीचं वजन वेगळंच असतं.

काही वर्षांपूर्वीपर्यंत वकील मंडळी ‘मंडळाला अशी भरपाई लावायचा अधिकारच नाही’ असा मुद्दा पहिल्या परिच्छेदात घालायची. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाणी कायद्याचं कलम 33अ आणि हवा कायद्याचं कलम 31अ या निर्देश काढण्याच्या कलमांखाली मंडळं भरपाई मागू शकतात असं सांगितलं. त्यासाठी नियम हवेत आणि नैसर्गिक न्यायाची प्रक्रिया पाळायला हवी, हेही सांगितलं. तेव्हा जुना मुद्दा जुन्या मसुद्यातून तसाच उचलू नका. ऐकून घेतलं का, हिशोबाचा तक्ता दिला का, हे विचारा. शिवाय पर्यावरण आणि हवा कायद्यांखाली आता दहा हजार ते पंधरा लाखांपर्यंतचा दंड वेगळा अधिकारी ठरवू शकतो. 2023 च्या जनविश्वास कायद्याने तुरुंगाच्या बऱ्याच तरतुदींच्या जागी हे दंड आणले.

उत्तर कसं लिहायचं

नोटिशीचा परिच्छेद क्रमांक आणि त्यासमोर तुमचं उत्तर. विशेषणं नकोत. ‘आमच्या प्रतिष्ठित संस्थेवर आकसाने’ या थाटाचं वाक्य दिसलं तर खोडा. खरं आहे ते कबूल करा आणि दुरुस्तीची तारीख द्या. अर्धं खरं आहे तिथे मोजून सांगा. खोटं आहे तिथे जोडपत्राचा क्रमांक द्या. शेवटी प्रत्यक्ष सुनावणी मागायला विसरू नका. ती मागितली नाही तर नंतर ‘आम्हाला ऐकलंच नाही’ म्हणायला तोंड राहत नाही.

जोडपत्रांत मंडळाचं संमतीपत्र, म्हणजे आपण सगळे ज्याला ‘कन्सेंट’ म्हणतो ते, सर्वांत वर ठेवा. ते लावण्याआधी त्यातल्या अटी वाचा. किती खोल्या, किती पाणी, कोणतं इंधन, कोणत्या तारखेपर्यंत. निम्म्या प्रकरणांत इथेच कळतं की कन्सेंट वीस खोल्यांचा आणि हॉटेल अठ्ठावीस खोल्यांचं. नूतनीकरणाचा अर्ज वेळेत केला होता पण उत्तर आलं नाही, अशी स्थिती असेल तर अर्जाची पोच शोधा. पाणी कायद्याच्या कलम 25 मध्ये चार महिन्यांत निर्णय झाला नाही तर संमती मिळाली असं धरण्याची तरतूद आहे. अर्ज अपुरा होता, शंका विचारल्या होत्या, असं मंडळ म्हणू शकतं. म्हणून पोर्टलवरचा सगळा पत्रव्यवहार छापून ठेवा.

भाषा? पुढे राष्ट्रीय हरित लवादात जायचं असेल तर इंग्रजीच उपयोगी पडते. पण ज्याची सही आहे त्याला ते उत्तर मराठीत समजावून सांगा. सुनावणीत साहेबांनी विचारलं आणि मालक म्हणाला, “ते त्यांनी लिहिलंय, मला ठाऊक नाही,” तर तुमची दहा पानं रद्दी.

किनाऱ्यावरचं बांधकाम असेल तर

ही प्रकरणं निराळी, आणि गोव्यात सर्वांत जास्त रडवणारी. जीसीझेडएमएची नोटीस बहुतेक वेळा म्हणते की बांधकाम विनापरवाना आहे आणि सीआरझेडमध्ये, म्हणजे किनारी नियमन क्षेत्रात, आहे. मालकाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: “पंचायतीची एनओसी आहे ना!” पंचायतीची परवानगी ही पंचायतीची. तिने सीआरझेडची परवानगी मिळत नाही. हे मालकाला पहिल्याच भेटीत सांगा, नाहीतर तो सुनावणीत तीच पावती पुढे करत राहील.

खरा प्रश्न एका तारखेचा असतो: 19 फेब्रुवारी 1991. पहिली सीआरझेड अधिसूचना त्या दिवशी आली. त्याआधी ते घर तिथे होतं, त्याच आकाराचं होतं, हे दाखवता आलं तर पाया भक्कम. पुरावे कोणते? मुक्तीनंतरच्या मोजणीतून तयार झालेला सर्व्हे प्लॅन, त्यावर घराची आकृती दिसते का ते बघा. फॉर्म एक-चौदा, म्हणजे गोव्याचा सातबारा. 1991 पूर्वीच्या घरपट्टीच्या पावत्या, वीजजोडणीचा कागद, कुळाचे किंवा मुंडकाराचे (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचे) जुने दस्तऐवज, असतील तर पोर्तुगीज काळातले. घरपट्टीची पावती एकटी पुरत नाही. ती कर भरल्याचं सांगते, घर केवढं होतं ते सांगत नाही. आणि मालकाने ‘जुनं घर’ म्हणून दाखवलेल्या खोलीला मागे नवी बाल्कनी, वर दोन खोल्या आणि पोहण्याचा तलाव जोडला असेल, तर त्या वाढीव भागाचं वेगळं उत्तर हवं. गुगल अर्थवरची जुनी चित्रं तक्रारदारही काढून आणतो. 1991 चं घर त्यात ओळखू येत नाही, पण वाढीव मजला कोणत्या वर्षी आला ते चांगलं दिसतं.

मग नकाशा. गोव्याचा किनारी व्यवस्थापन आराखडा 2011 च्या अधिसूचनेनुसार सप्टेंबर 2022 मध्ये मंजूर झाला. 2019 ची नवी, जरा सैल अधिसूचना आली आहे हे खरं, पण तिच्यानुसार आराखडा मंजूर होईपर्यंत 2011 ची चालते. ‘आता पन्नास मीटर झालंय’ म्हणणारे दलाल वागातोरपासून पाळोळेपर्यंत सापडतात. तुमच्या सर्व्हे नंबरला आज कोणता आराखडा लागू आहे ते आधी बघा. 2011 प्रमाणे ग्रामीण भागात, म्हणजे सीआरझेड-3 मध्ये, भरतीरेषेपासून 200 मीटर ना विकास क्षेत्र. भरतीचं पाणी येणाऱ्या नदीकाठी 100 मीटर किंवा पात्राची रुंदी, यातलं जे कमी असेल ते. याच अधिसूचनेत गोव्यासाठी खास तरतुदी आहेत. खाजन जमिनींचं (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या जमिनींचं) संरक्षण, वाळूच्या टेकड्यांवर काहीही करायला मनाई, आणि मांद्रे, मोरजी, गालजीबाग, आगोंद ही कासवांच्या विणीची ठिकाणं. जागा या चारांत असेल तर मालकाला पहिल्याच दिवशी खरं सांगा. खोटी आशा दाखवून फी घेणारे भरपूर आहेत, तुम्ही त्यांच्यात नको.

अंतर मोजायला मान्यताप्राप्त सर्व्हेअर लागतो. फोनवरच्या अ‍ॅपने मोजलेलं अंतर सुनावणीत हसं करून घेतं.

सुनावणीच्या दिवशी

वेळेआधी जा, फाइलला पान क्रमांक घाला, मालकाला सोबत न्या. बोलणं पाच मिनिटांत संपवा: काय खरं होतं, ते कधी दुरुस्त केलं, काय चूक आहे, त्याचा कागद कितव्या पानावर. सुनावणीनंतर जे बोललो ते त्याच दिवशी लेखी देऊन पोच घ्या.

बाहेर कोणीतरी भेटतोच. “साहेबांशी बोलून देतो.” त्याला नमस्कार करून पुढे व्हा. अशा माणसाला पैसे दिलेल्या एका गेस्टहाउसची फाइल मी नंतर बघितली. उत्तरच दाखल नव्हतं, कारण त्याने ‘गरज नाही’ म्हणून सांगितलं होतं.

आदेश विरोधात गेला तर कोणतं दार

पहिल्या दिवशी पाहिलेलं कलम आता कामाला येतं. कन्सेंट नाकारला किंवा जाचक अटी घातल्या, तर पाणी कायद्याच्या कलम 28 खाली अपील प्राधिकरणाकडे तीस दिवसांत जायचं. पाणी कायद्याच्या 33अ खाली बंद करण्याचा निर्देश असेल तर थेट राष्ट्रीय हरित लवादाकडे. हवा कायद्याच्या आदेशाला मात्र आधी कलम 31 चं अपील प्राधिकरण आणि मग लवाद. गंमत अशी की ‘युनिट बंद करा’ या एकाच आदेशात 33अ आणि 31अ दोन्ही लिहिलेली असतात. तिथे दारं दोन होतात. मुदत संपायच्या आत वकिलाचा सल्ला घ्या, एका दारावर वाट बघून दुसरं बंद होऊ देऊ नका. जीसीझेडएमएचा आदेश पर्यावरण कायद्याच्या कलम 5 खालचा असेल तर तोही लवादाकडे.

लवादाकडच्या अपिलाला 2010 च्या कायद्यात तीस दिवस आहेत, पुरेसं कारण असेल तर आणखी साठ. नव्वदाव्या दिवसानंतर लवादालाही ते माफ करता येत नाही. आपला लवाद पुण्याचा, पश्चिम विभागाचा. 2017 मध्ये केंद्राने गोव्याची प्रकरणं दिल्लीला हलवण्याची अधिसूचना काढली होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा पीठाने ती त्याच वर्षी रद्द केली, म्हणून आज कागदाचं गाठोडं घेऊन दिल्ली गाठावी लागत नाही. लवादाच्या निकालावर नव्वद दिवसांत सर्वोच्च न्यायालय.

बंदचा आदेश एकट्या मालकाला जात नाही. वीज खात्याला जोडणी तोडायला सांगितलेलं असतं. स्थगिती मिळाली तर तिची प्रत त्याच संध्याकाळी वीज खात्याच्या कार्यालयातही पोचवा. एका बेकरीत स्थगिती मिळाल्यानंतर दुसऱ्या सकाळी लाइनमन खांबावर चढला होता. त्याचा दोष काय? त्याच्या हातात जुनंच पत्र होतं.

फाइल बंद होते तेव्हा

नोटीस मागे घेतल्याचं किंवा अटी पूर्ण झाल्याचं पत्र लेखी मागून घ्या. ‘आता काही येणार नाही’ हे तोंडी वाक्य पुढच्या अधिकाऱ्याला माहीत नसतं. कन्सेंट संपण्याची तारीख, एसटीपीच्या चाचण्यांच्या तारखा आणि टँकरची बिलं एकाच फाइलमध्ये लावा आणि ती फाइल मालकाच्या घरी नाही, कामाच्या जागी ठेवा. त्या डिचोलीच्या कारखान्यात आता दारामागे एक ट्रे आहे, लाल रंगाचा. रखवालदार बदलला की नव्याला पहिल्या दिवशी तोच दाखवतात: सही करून घ्यायचं टपाल आलं की इथे टाकायचं, पाकिटासकट, आणि शेटना फोन करायचा, चतुर्थी असली तरी.